हातामागून येणारी रेघ

२०१९ साल, उन्हाळा. एप्रिलची सव्वीस तारीख, शुक्रवार, दुपारचे पावणेदोन. एवढं नेमकं सांगता येतं, कारण त्या वेळी मी लोखंडी कपाटाचं दार लोटलं आणि त्यात माझ्या नातीचा उजवा हात सापडला.

मी पेंटर. शाळा चौथीपर्यंत. बेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर उभं राहून, एका हातात डबा आणि एका हातात ब्रश घेऊन, पट्टी न लावता अशी रेघ ओढली की खालून बघणारा विचारायचा, छापलीय का. पुढे फ्लेक्स आला आणि हातच्या पाट्या गेल्या. त्याची रड मी कुणापाशी गायलो नाही. तेवीस ब्रश होते, ते धुऊन, तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि घरात सांगून टाकलं की त्यांना कुणी हात लावायचा नाही.

नातीने लावला. घरात तिला बुटकी म्हणतात; उंचीने ती बापाला मागे टाकून गेली तरी लहानपणचं नाव सुटलं नाही. वय सतरा. मांगा म्हणतात त्या जपानी चित्रकथांच्या पद्धतीची चित्रं ती टॅब्लेटवर काढायची, आणि जाड-बारीक रेघ खऱ्या ब्रशने कशी निघते ते तिला बघायचं होतं. मी खोलीत आलो तेव्हा ती कपाटात हात घालून उभी होती. मी म्हणालो, "ठेव ते." आणि दार लोटलं. मला वाटलं, हात बाहेर आलाय.

पहिली दोन बोटं, हाडं तीन ठिकाणी मोडलेली. डॉक्टरांनी तारा घातल्या, वर प्लास्टर. "हाडं जुळतील," ते म्हणाले, "पण शीर चेपली आहे. पेन धरता येईल की नाही, ते आत्ताच सांगत नाही." बुटकी त्यांना म्हणाली, "चुकून झालं." कुणी विचारलेलं नसताना. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तिच्या पुढ्यात काय होतं ते मला माहीत होतं. चित्रकथा करणारा एक स्टुडिओ दर वर्षी दहा मुलं घ्यायचा आणि दोन वर्षं शिकवायचा. एक पुरी गोष्ट, तीस पानं, जुलैच्या एकतीस तारखेपर्यंत पाठवायची. अठराच्या आतली मुलंच घेत, म्हणजे पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. तीसपैकी नऊ पानं तयार होती. बाकीची नुसती कच्ची, फिकट निळ्या रेघांतली.

हॉस्पिटलमधून आल्यावर दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सूनबाई म्हणाली, "राहू दे गं. नाही झालं तर नाही झालं. जग बुडत नाही." ते ऐकून पोरीने डोक्यावर चादर ओढली.

"उरलेली पानं मी करतो," मी दारातून म्हणालो.

चादर हलली. ती हसत होती. "आजोबा, परवा तुम्ही घंटी बंद करायला फोन उशीखाली कोंबलात."

"वाजायचा थांबला ना?"

ती उठून बसली. "मदतनीस चालतो," ती म्हणाली. "मोठमोठे मांगा काढणारेसुद्धा शाईला माणसं ठेवतात. गोष्ट माझी, कच्चं माझं, रेघ तुमची. पण मी सांगेन तस्संच."

"सांग."

"आणि मला मॅडम म्हणायचं."

"कान धरीन."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर. ती शेजारी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसायची आणि मी शाळेतल्या पोरासारखा ऐकायचो. टॅब्लेटच्या काचेला वास नव्हता. पेनाला वजन नव्हतं. भिंत रंग ओढून घेते, काच काहीच घेत नाही. पेन तिच्यावरून घसरायचं आणि माझी रेघ नशा केलेल्या माणसासारखी चालायची. थरांचं मला लगेच कळलं, कारण पाटीलाही आधी पांढऱ्या रंगाचा हात, मग जमीन म्हणजे मागचा रंग, मग अक्षर, मग सावली असे थरच असतात. चूक झाली की काचेवर दोन बोटांनी टिचकी मारायची आणि रेघ नाहीशी व्हायची, ते मात्र मला आवडलं नाही. पाटीवर काढलेलं पुसता येत नाही. तीच तर पाटीची शिस्त.

चेहरे जमायला पंधरा दिवस गेले. मांगात नाक म्हणजे एक टिंब, तोंड म्हणजे एक आडवी रेघ, तीही मधे तुटलेली, आणि डोळे बशीएवढे. "हिला वास कशाने येतो?" मी विचारलं. मी केसन् केस काढायचो. ती म्हणायची, झुबके काढा, चार झुबके, टोकं अणकुचीदार. मी गालावर सावली द्यायचो. ती ती पुसायला लावायची. एकदा पुरा चेहरा झाल्यावर तिने तो लांब धरून बघितला. "आजोबा, माझी नायिका साबण विकतेय."

"साबणाच्या पाट्यांनीच तुझ्या बापाला मोठं केलं."

"तिला साबण विकायचा नाहीये. तिला घाबरायचंय."

हाताला थोडा कंप होता, वयाचा. त्यावर यंत्रात एक सोय आहे, ती म्हणाली, स्टॅबिलायझर म्हणतात. शून्यापासून शंभरापर्यंत. वाढवला की हात कितीही थरथरला तरी रेघ सरळ येते, फक्त ती हाताच्या थोडी मागून येते. तिने लावून दाखवलं. माझं पेन पुढे गेलं आणि रेघ दोरीने बांधलेल्या शेळीसारखी मागून आली.

"काढून टाक," मी म्हणालो. "मला कुबडी नको."

गोष्ट साधी होती. तीस मजल्यांची इमारत, तिच्यात लिफ्ट चालवणारी एक मुलगी. एक पान म्हणजे एक मजला. सगळे कुठे ना कुठे उतरतात, तिला मात्र कुठेच उतरता येत नाही. शेवटच्या मजल्यावर दार उघडतं आणि बाहेरून एक छोटा हात तिच्याकडे पुढे येतो. तिच्या मैत्रिणीचा. एवढंच.

दहावं पान मला नऊ दिवस पुरलं, अकरावं चार दिवस. मग हात बसला. बुटकीला औषधाने दुपारी झोप लागायची. ती खुर्चीतच मान टाकायची आणि मी एकटा काम करत राहायचो. माझ्या पूर्वीच्या दुपारी अशाच असायच्या. शिडी, ऊन, आणि कुणी बोलायला नाही.

आता पाटीच्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रश उचलायचा तो रेघ संपण्याआधी. केसांच्या टोकाला रंग लोंबत असतो, तो उरलेली रेघ पुरी करतो. शिकाऊ माणूस शेवटपर्यंत दाबत नेतो आणि टोक फुगवून ठेवतो. जाणता आधी उचलतो आणि शेपूट सुटू देतो. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं की काचेवर पेन उचलल्यावर रेघ थोडी पुढे जायची, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. दुसरा कुणीही पहिल्या दिवशीच दचकला असता. मला तर उलट बरं वाटलं. म्हटलं, हात परत आला.

तेराव्या पानावर मी मुलीच्या हनुवटीची रेघ ओढत होतो. गालापाशी पेन उचललं. रेघ गालावरून वर गेली, कानापाशी वळली, खालून वर असा कान पुरा केला आणि थांबली.

मी पेनाच्या टोकाकडे बघितलं. प्लास्टिकचं टोक. त्याला केस नव्हते, आणि रंगही नव्हता.

मला राग आला. वाटलं, पोरीने माझ्या पाठीमागे ती कुबडी लावून ठेवली; म्हाताऱ्याचा हात थरथरतो, त्याला कळायचं नाही. ती जागी झाल्यावर मी विचारलं, "तो स्टॅबिलायझर कितीवर ठेवलायस?"

"ठेवलाच नाहीये. तुम्ही नको म्हणालात ना?"

"बघ."

तिने डाव्या हाताने उघडून दाखवलं. शून्य.

"आणि तो लावला, तर पेन उचलल्यावर रेघ किती पुढे जाते?"

"पुढे कशी जाईल? ती मागून येते, आजोबा. हात गेला असेल तिथपर्यंतच."

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

जूनच्या दहा तारखेला प्लास्टर काढायला मी तिला घेऊन गेलो. सूनबाईला कामावर सुट्टी नव्हती. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे केला, मी सही केली. माझी सही चार अक्षरांची. कारकून म्हणाला, "आजोबा, सही पुरी करा."

"केली."

"शेवटचं अक्षर राहिलंय."

राहिलं होतं. हात थकला नव्हता की दुखला नव्हता. त्याचं संपलं होतं, एवढंच. दुसऱ्यांदा पेन टेकवून मी ते अक्षर वेगळं काढलं, आणि ते माझ्या अक्षरासारखं दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी मी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तो जमिनीवर पडून फुटला. टेबल जिथे होतं तिथेच होतं. माझा हात दोन बोटं अलीकडे थांबला होता. आठवड्याभरात तो तीन बोटं अलीकडे थांबायला लागला. दाराची कडी, शर्टाचं बटण, दिव्याचं बटण, सगळ्याच्या अलीकडे. मी खांदा पुढे करून भागवून घ्यायला शिकलो. मी पेंटर आहे, बोटांनी माप घेण्याची मला सवय आहे. काचेवर रेघ आपली आपण जेवढी पुढे जायची, तेवढाच हात इकडे कमी पडायचा. कमी नाही, जास्त नाही.

"बाबा, हात दाखवून घ्या," सूनबाई म्हणाली. तिच्या हातात तिसऱ्या कपाचे तुकडे होते.

"हाताला काय धाड भरलीय?"

"मग कपांना भरली असेल."

दाखवला. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं. तिथे सगळं बरोबर झालं. वयाप्रमाणे आहे, म्हणाले. मग बुटकीचा हात बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. दोन्ही बोटं मिटत होती. पुरी नाही, पण मिटत होती. "हे इतक्यात अपेक्षित नव्हतं," ते म्हणाले आणि जुना फोटो पुन्हा उजेडावर धरून बघत राहिले.

एका दुपारी मी सतराव्या पानावर होतो. लिफ्टमधल्या मुलीचे केस वाऱ्याने उडालेले. पहिला झुबका ओढला, पेन उचललं. रेघ पुढे निघाली. ती कुठे जाते ते बघायचं नाही असं मी ठरवलं आणि मान वळवली. बुटकी खुर्चीत झोपली होती. तोंड थोडं उघडं. उजवा हात उशीवर, आणि त्याची पहिली दोन बोटं उशीच्या अभ्र्यावरून सरकत होती. हळू, वळण घेत, टोकाशी उचलत. बोटं थांबली. मी काचेकडे बघितलं. झुबका पुरा झाला होता, टोक अणकुचीदार.

तीन दिवस मी टॅब्लेटला हात लावला नाही. काचेने डोळे दुखतात, म्हणालो. त्या तीन दिवसांत माझा कप टेबलावर नीट टेकला. सहीचं चौथं अक्षर मी वर्तमानपत्राच्या कडेला चाळीसदा काढून बघितलं, चाळीसदा आलं. आणि बुटकीला रोज स्पंजचा चेंडू दाबायला दिलेला होता, तो तिसऱ्या दिवशी तिच्या हातातून गळून पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. तिने तो भिंतीवर फेकून मारला, तोही डाव्या हाताने.

"काल तर होत होतं!" ती ओरडली. मग माझ्याकडे बघून आवाज उतरवला. "होईल. तुम्ही नका काळजी करू, आजोबा."

मला वाटलं, हात बाहेर आलाय, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. मुलाला, सूनबाईलाही तेच. वर मीही तेच लिहिलं. कपाटाचं दार जड आहे, बिजागऱ्या करकरतात, लागायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस बरंच काही बघू शकतो. पांढऱ्या फडक्यावर सावळा हात उठून दिसतो. उठून दिसावं म्हणून कशावर काय ठेवायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर मी टॅब्लेट उघडला.

पुढची पानं भराभर झाली. वीस, एकवीस, बावीस. मी रेघ सुरू करायचो आणि अर्ध्यात उचलायचो. नंतर नंतर पाव रेघ ओढली तरी पुरायची. जुलैत माझा हात वीतभर अलीकडेच थांबू लागला. मी डाव्या हाताने जेवायला लागलो. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय नवीन?" मी म्हणालो, "मॅडमना डाव्या हाताची सवय करून घ्यावी लागली, मीही घेतो." तो हसला. सूनबाई हसली नाही. बुटकी उजव्या हाताने जेवत होती.

पंचविसावं पान झालं तेव्हा तिने सगळी पानं एकापुढे एक लावून बघितली. टेबलावरच्या पंख्याचं वारं पडद्याला लागत होतं.

"आजोबा, ही पानं कुणी काढली?"

"मी. तुझ्यासमोर."

"नववं माझं आहे. तेरावं तुमचं. मला फरक दिसत नाही."

"मॅडमनी शिकवलं तसं काढलं."

ती हसली नाही. "हा कान बघा. खालून वर काढलाय. सगळे वरून खाली काढतात. मीच अशी उलटी काढते, ती माझी वाईट सवय आहे."

"कच्चं तुझंच होतं. मी नुसतं गिरवतो."

"कच्च्यात कान नव्हता."

मी उठून पाणी प्यायला गेलो. माठापर्यंत गेलो, पेला धरला, तो हातातून गेला. डाव्या हाताने दुसरा घेतला. परत आलो तेव्हा ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली होती, मिटत आणि उघडत. "मला दुपारी रोज एकच स्वप्न पडतं," ती म्हणाली. "काही घडत नाही त्यात. नुसती रेघ ओढत असते मी. आणि कुणीतरी माझा हात धरलेला असतो, गिरवायला शिकवतात तसा."

"औषधाची गुंगी," मी म्हणालो.

"तुम्ही थकलायत. उरलेली पानं मी बघते प्रयत्न करून."

तिने पेन घेतलं. धरता आलं. रेघ ओढली, ती दोन इंच गेली आणि पेन गळलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा गळलं. अठ्ठावीस तारखेपर्यंत तिचे असे प्रयत्न चालू होते आणि तिला नकळत, ती झोपली की, मी पानं पुरी करत होतो. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. तिने ती बघितली आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या हाताकडे बघायची आणि मी तो टेबलाखाली न्यायचो.

एकोणतीस तारखेला डॉक्टर म्हणाले, शीर जवळजवळ पूर्ववत आहे, थोडी शेवटची ताकद तेवढी यायची आहे; येईल किंवा नाही. त्या दुपारी मी एकोणतिसावं पान केलं.

तीस जुलै, मंगळवार. एकच पान उरलं होतं, आणि त्यात एकच चौकट, पानभर. उघडं दार आणि पुढे आलेला हात. आकाशात ढग भरून होते, घरात दुपारीच दिवा लावावा लागला. बुटकी म्हणाली, "मी जागी राहणार आहे आज. मी बघणार आहे."

"बघ," मी म्हणालो.

दहा मिनिटांत तिची मान कलली.

मी डाव्या हाताने उजवा हात उचलून काचेवर ठेवला आणि बोटांत पेन अडकवलं. कच्च्यातला हात छोटा होता, लहान मुलीचा, गोल बोटांचा. त्याच्या मनगटापाशी मी टोक टेकवलं. ओढायची ताकद नव्हती. नुसतं टेकवलं. माझ्या मनात भीती होती, ती इथे लिहून ठेवतो. बेचाळीस वर्षं शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो, पण इतका कधी भ्यालो नव्हतो. उचलता येत होतं. अजून उचलता येत होतं. शेजारी तिचा श्वास ऐकू येत होता.

रेघ निघाली. कच्च्या निळ्या रेघेवरून ती गेली नाही. तिच्या बाहेरून गेली. मनगट रुंद झालं, अंगठा जाड आला, बोटांची पेरं एकामागून एक उमटली, नखांच्या कडा, मग मागच्या बाजूच्या शिरा, जाड-बारीक, जाड-बारीक, प्रत्येकीचं टोक आधी उचललेलं. मी तिथे फक्त बसलो होतो. शेवटची रेघ करंगळीपाशी आली आणि शेपूट सोडून संपली.

बुटकी कधी जागी झाली ते कळलं नाही. ती पानाकडे बघत होती.

"हा मैत्रिणीचा हात नाहीये, आजोबा," ती हळूच म्हणाली. "हा म्हाताऱ्या माणसाचा हात आहे."

"बदलायचा असेल तर पूस. दोन बोटांनी टिचकी मार."

तिने पुसला नाही. माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं, उजव्या हाताने, घट्ट धरलं आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. एका दमात. शेवटच्या अक्षरासकट.

माझा उजवा हात काचेवरच पडला होता. तो मी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. देणं फिटलं.